लांकूड पोखरणाऱ्या दोन गांधीलमाश्या : एक निरुपद्रवी, दुसरी वनघातक

शेतांत किंवा बागेंत एखादी कीड दिसली म्हणजे तिच्या रंगरूपावरून आपण तिची जात ठरवितों, आणि तेवढ्याच आधारावर औषधाचा खर्च करावयाचा कीं नाहीं हेंही ठरवून मोकळे होतों. पुष्कळ वेळां हा अजमास खरा ठरतो. परंतु दिसण्यांत जवळजवळ सारख्या असलेल्या दोन किडींपैकीं एक धडधाकट झाडाला कांहींच इजा करीत नाहीं व दुसरी रानेंच्या रानें वाळवून टाकते, असेंही सृष्टींत घडतें. अशा जोडीचा अभ्यास शेतकऱ्यानें मुद्दाम करावा; कारण कीड घातक कशानें होते, या प्रश्नाचें उत्तर अशा तुलनेंत जितकें स्पष्ट मिळतें, तितकें एकट्या किडीच्या वर्णनांत मिळत नाहीं.

प्रस्तुत लेखांत अशाच दोन कीटकांची तुलना करावयाची आहे. दोन्ही पाइनच्या, म्हणजे हिमालयाच्या बाजूस ज्याला चीड म्हणतात त्या वर्गांतील झाडांच्या लांकडांत वाढतात. दोघी सायरेक्स या एकाच प्रजातींतल्या. एकीचें नांव सायरेक्स नॉक्टिलिओ व दुसरीचें सायरेक्स नायग्रिकॉर्निस. दोन्ही नांवें फाब्रिसियस या एकाच डॅनिश कीटकशास्त्रज्ञानें दिलेलीं आहेत. नायग्रिकॉर्निसला १७८१ सालीं व नॉक्टिलिओला १७९३ सालीं. नॉक्टिलिओचें मूळ घर युरोप, उत्तर आफ्रिका व आशियाचा कांहीं भाग. नायग्रिकॉर्निसचें घर उत्तर अमेरिकेचा पूर्व भाग.

महाराष्ट्रांत पाइनचीं रानें नाहींत. मग या माश्यांशीं आपला संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध तीन प्रकारचा आहे. एक तर न्यूझीलंड व इतर देशांतून पाइनचें लांकूड भारतांत येत आलें आहे, आणि हिमालयांत आपलीं स्वतःचीं चिडाचीं रानें उभीं आहेत. दुसरें, नाशिकचीं द्राक्षें किंवा कोंकणचा आंबा लांकडी तळफळ्यांवर रचून परदेशीं जातो, तेव्हां त्या फळ्यांवर जो शिक्का लागतो तो अशाच किडींच्या भयानें लागतो. तिसरें व सर्वांत महत्त्वाचें असें कीं, आपले शेतकरीही आतां बांधावर व पडीत जमिनींत एकाच जातीचीं झाडें दाट लावूं लागले आहेत. अशा लागवडीचें काय होऊं शकतें, याचा धडा या माशीनें जगाला दिलेला आहे.

ओळख

प्रथम एक गैरसमज दूर करूं. यांना गांधीलमाशी म्हणावयाचें तें केवळ दिसण्यावरून. आढ्याला पोळें करून राहणाऱ्या गांधीलमाशीची कंबर सुतासारखी बारीक असते व तिला नांगी असते. लांकूडमाशीची कंबर बारीक नसते. छाती व पोट एकाच जाडीचें, असें तिचें शरीर नळकांड्यासारखें दिसतें. ती माणसास दंश करीत नाहीं. मादीच्या पोटाखालून मागें जी लांब सुई दिसते ती अंडीं घालण्याची नळी होय. शेवटाच्या टोंकास एक आंखूड, भाल्याच्या पात्यासारखा कांटा असतो; तोही निरुपद्रवी आहे. शरीराची लांबी एक सेंटिमीटरपासून साडेतीन सेंटिमीटरपर्यंत असते. ज्या खोडांत अळीला पोषण कमी मिळालें त्यांतून लहान माशी निघते, म्हणून केवळ आकारावरून जात ठरवितां येत नाहीं.

नॉक्टिलिओची मादी काळसर निळी असून तिच्या अंगावर पोलादासारखी झांक असते. पाय तांबूस पिंवळे, मात्र पावलांचीं टोंकें काळीं. मिशा पूर्ण काळ्या. नराच्या पोटाचा मधला भाग नारिंगी, दोन्ही टोंकें काळसर निळीं आणि मागचे पाय जाड व काळे असतात.

नायग्रिकॉर्निस या नांवाचा अर्थच ‘काळ्या मिशांची’ असा आहे. पण आतांच सांगितल्याप्रमाणें नॉक्टिलिओच्या मिशाही काळ्याच असतात, तेव्हां नांवावरून कांहीं साधत नाहीं. नायग्रिकॉर्निसच्या माद्या दोन रंगांच्या सांपडतात. कांहींचें पोट तांबूस तपकिरी असतें, तर कांहीं सर्वांगीं गडद निळ्या असतात. या दोन रंगांच्या माद्यांना पुष्कळ वर्षें दोन निराळ्या जाती समजत असत. २०१२ सालीं झालेल्या शास्त्रीय पुनर्विचारांत त्या एकाच जातीच्या ठरल्या. यावरून पोट तांबूस असलेली मादी नॉक्टिलिओ नव्हे, एवढें खात्रीनें सांगतां येतें. पण निळी मादी कोणती, हें डोळ्यांनीं ठरविणें धोक्याचें आहे. जाणते लोक डोक्यावरील बारीक खड्डे व अंडीं घालण्याच्या नळीवरील खांचा सूक्ष्मदर्शकाखालीं पाहून निर्णय करितात. अळ्यांच्या बाबतींत तर सूक्ष्मदर्शकही पुरत नाहीं. दोघींच्या अळ्या दुधाळ पांढऱ्या, गोल व शेवटीं एक काळसर कांटा असलेल्या; त्यांची जात आनुवंशिक द्रव्याच्या परीक्षेनेंच कळते.

जीवनक्रम

दोघींचा जीवनक्रम एकाच सांच्याचा आहे. पूर्ण वाढलेली माशी कांहीं खात नाहीं. अळीपणीं सांठविलेल्या चरबीवर ती थोडे दिवस जगते, फार तर दोन आठवडे. नर आधीं बाहेर पडतात व झाडांच्या शेंड्यांभोवतीं घिरट्या घालतात. मीलन झाल्यावर मादी अशक्त झाडाच्या वासावर जाते, साल भेदून सालीखालच्या ताज्या लांकडांत नळी खुपसते व अंडीं घालते. मोठ्या मादीच्या पोटांत चारशेंपर्यंत अंडीं असूं शकतात. मीलन न होतां घातलेल्या अंड्यांतून फक्त नर निपजतात.

अंड्यांतून निघालेली अळी लांकूड पोखरीत जाते व आपल्या मागें भुसा घट्ट ठांसून ठेविते. शेवटीं ती सालीजवळ येऊन कोश करिते आणि माशी होऊन वाटोळें, स्वच्छ कांठाचें छिद्र पाडून बाहेर पडते. या छिद्राचा व्यास सुमारें तीन ते आठ मिलिमीटर असतो. उबदार प्रदेशांत हा फेरा एका वर्षांत पुरा होतो. थंडींत दोन किंवा तीन वर्षेंही लागतात.

ऋतूंत मात्र दोघींत फरक आहे. उत्तर अमेरिकेंत, जेथें आतां दोन्ही जाती एकत्र आढळतात, तेथें नॉक्टिलिओचा मुख्य भर जुलै-ऑगस्टांत असतो. नायग्रिकॉर्निस त्यामागून, सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे आपल्या भाद्रपद-कार्तिकाच्या सुमारास निघते. एकाच झाडांत आधीं एकीनें व मागून दुसरीनें अंडीं घातलीं, असेंही होतें.

खरा भेद कोठें आहे

लांकूड पचविणें कोणत्याही अळीस सोपें नसतें. म्हणून लांकूडमाशीनें एका बुरशीशीं भागीदारी केलेली आहे. मादीच्या पोटांत, नळीच्या मुळाशीं, दोन लहान पिशव्या असतात. त्यांत ही बुरशी जिवंत जपलेली असते. अंड्याबरोबर मादी बुरशीचे तुकडे लांकडांत सोडते. बुरशी लांकडांत पसरते, तें वाळविते व मऊ करिते. अळी त्या बुरशीवर व तिनें पचविलेल्या लांकडावर वाढते. याशिवाय मादीजवळ एक चिकट द्रव असतो; तोही ती त्याच छिद्रांतून झाडांत घालते. बुरशी व द्रव हीं दोन्ही साधनें दोन्ही जातींजवळ आहेत. भेद आहे तो त्यांच्या गुणांत.

(१) बुरशी : नॉक्टिलिओची बुरशी अमायलोस्टेरियम अरिओलॅटम ही होय. नायग्रिकॉर्निस बहुधा तिचीच बहीण, अमायलोस्टेरियम शायेटी, बाळगते. अलीकडे उत्तर अमेरिकेंतील कांहीं नायग्रिकॉर्निस माद्यांजवळ अरिओलॅटमही सांपडली आहे.

(२) चिकट द्रव : या वर्गांतील निरनिराळ्या माश्यांचे द्रव पाइनच्या झाडांत घालून ऑस्ट्रेलियाच्या शास्त्रज्ञांनीं १९७० च्या सुमारास तुलना केली, तेव्हां नॉक्टिलिओचा द्रव इतरांहून पुष्कळ अधिक विषारी ठरला. त्याच्या योगानें पानांचा रस-व्यवहार बिघडतो, पानें पिंवळीं पडतात आणि झाडाची प्रतिकारशक्ति मंदावते.

(३) दोहोंचा मिलाफ : नुसता द्रव घातला तर झाड पिंवळें पडून पुन्हां सांवरतें. नुसती बुरशी घातली तर झाड राळ सोडून तिला कोंडतें. दोन्ही एकदम घातलीं म्हणजे मात्र द्रवानें झाड गुंगतें व तेवढ्या अवधींत बुरशी पसरून त्याचे जलमार्ग बंद करिते. हा शोध १९६९ सालीं टास्मानियांतील प्रयोगांनीं पक्का झाला.

(४) मादीची युक्ति : नॉक्टिलिओची मादी झाडाची ताकद अजमावून वागते. झाड सशक्त असून राळ जोरानें येत असेल, तर ती तेथें अंडें घालीतच नाहीं. फक्त द्रव व बुरशी सोडून निघून जाते. कांहीं दिवसांनीं झाड ढासळलें म्हणजे त्याच झाडावर माद्या पुन्हां येतात व मग अंडीं घालतात. यामुळें तिला मरणाऱ्या झाडाची वाट पाहावी लागत नाहीं. ती आपलें मरणारें झाड आपणच तयार करिते. नायग्रिकॉर्निसला हें साधत नाहीं. वादळानें मोडलेलें, दुष्काळानें खचलेलें किंवा दुसऱ्या किडीनें आधींच मारलेलें झाड तिला लागतें. रानांतील मेलेल्या लांकडाची माती करण्याचें जें काम निसर्गानें तिला दिलें आहे, तेंच ती करिते.

देशोदेशींचा अनुभव

यावरून नॉक्टिलिओ जेथें असेल तेथें रानें मरत असतील, असें वाटेल. पण तसें नाहीं. आपल्या मूळ घरीं, युरोपांत, ती जवळजवळ नायग्रिकॉर्निससारखीच वागते. तेथेंही मोडकळीस आलेल्या झाडांवरच तिचा निर्वाह चालतो व तिला कोणी मोठी कीड समजत नाहीं. तिचा खरा प्रताप परदेशांत दिसला.

न्यूझीलंडांत ती १९०० च्या सुमारास आढळली. प्रथम चाळीस वर्षें तिनें फारसा उपद्रव दिला नाहीं. पुढें कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील रॅडिआटा पाइन या जलद वाढणाऱ्या झाडाची तेथें अफाट लागवड झाली. विशेषतः १९२५ ते १९३५ या दहा वर्षांत. झाडें वाढलीं, एकमेकांत दाटलीं, पण विरळणी वेळेवर झाली नाहीं. त्यांत अवर्षण पडलें. १९४६ ते १९५१ या काळांत सुमारें १,२०,००० हेक्टर रानांतील शेंकडा ३० च्या आसपास झाडें वाळलीं. माशी युरोपची, झाड अमेरिकेचें व जमीन न्यूझीलंडची. तिघांची पूर्वीं एकमेकांशीं ओळख नव्हती. झाडाजवळ या माशीला अडविण्याची संवय नव्हती व जमिनीवर तिला खाणारे तिचे जुने शत्रू नव्हते.

त्यानंतरचा तिचा प्रवास पाहावा. १९५२ सालीं ती टास्मानियांत आढळली. १९६१ च्या सुमारास ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर, व्हिक्टोरिया प्रांतांत. १९८० सालीं उरुग्वे, १९८५ सालीं अर्जेंटिना, १९८८ सालीं ब्राझील, १९९४ सालीं दक्षिण आफ्रिका व २००१ सालीं चिली. २००४ सालीं न्यूयॉर्क संस्थानांत लावलेल्या एका सांपळ्यांत एक मादी मिळाली, ती २००५ सालीं ओळखली गेली. त्याच वर्षीं कॅनडांतही ती सांपडली. २०१३ सालीं चीनच्या ईशान्य भागांत तिची नोंद झाली. माशी स्वतः समुद्र ओलांडीत नाहीं. ओंडक्याच्या किंवा खोक्याच्या लांकडांत अळी असते व बोटीबरोबर ती सुखानें जाते.

शत्रूंचा उपयोग

लांकडाच्या आंत असलेल्या अळीला फवारणी पोंचत नाहीं. म्हणून न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियानें तिचे शत्रू शोधण्याचा मार्ग धरला. कांहीं परोपजीवी गांधीलमाश्या आणल्या. त्यांपैकीं आयबेलिया ही जात लांकूडमाशीनें पाडलेल्या छिद्रांतूनच आपली नळी घालून अंड्यांवर व कोंवळ्या अळ्यांवर अंडीं घालते. रायसा व मेगॅरायसा या जातींची नळी इतकी लांब असते कीं, त्या लांकूड भेदून खोलवरच्या मोठ्या अळीस गांठतात.

परंतु सर्वांत मोठें काम एका सूत्रकृमीनें केलें. १९६२ सालीं झोंडाग या शास्त्रज्ञास न्यूझीलंडांत तो आढळला. नांव डेलाडीनस सिरिसिडिकोला. पुढें ऑस्ट्रेलियांत रॉबिन बेडिंग यांनीं त्याचा जीवनक्रम उलगडला. या कृमीचे दोन अवतार आहेत. लांकडांत अळी नसेल तेथें तो अरिओलॅटम बुरशी खाऊन पिढ्यान्‌पिढ्या वाढतो. अळी जवळ आली म्हणजे त्याचा दुसरा अवतार निपजतो व अळीच्या शरीरांत शिरतो. अळीची माशी होतांना कृमीचीं पिलें मादीच्या अंड्यांत जाऊन बसतात. अशी मादी उडते, झाड शोधते, छिद्र पाडते आणि सर्व विधि यथासांग करिते. पण तिच्या अंड्यांतून अळी न निघतां सूत्रकृमी निघतात. वंध्य झालेली माशी आपल्या शत्रूचें बीं आपणच नव्या झाडांत पेरीत फिरते.

हें बीं रानांत घालण्याची रीत अशी. प्रयोगशाळेंत बुरशीवर कृमी वाढवावयाचे. रानांत कांहीं झाडें तणनाशक टोंचून मुद्दाम अशक्त करावयाचीं, म्हणजे माशा तेथें जमतात. पुढें तीं झाडें पाडून खोडांत विशेष हातोड्यानें ठराविक अंतरावर भोंकें पाडावयाचीं व सरसासारख्या पदार्थांत मिसळलेले कृमी त्यांत भरावयाचे. या उपायानें कांहीं रानांत शेंकडा ९० हून अधिक माशा कृमिग्रस्त झाल्याचें दिसून आलें. पुढें ब्राझील वगैरे देशांनींही हीच रीत उचलली.

मात्र या यशांतही एक ठेंच लागली. दक्षिण ऑस्ट्रेलिया व व्हिक्टोरिया यांच्या सीमेवरील रानांत १९८७ ते १९८९ या काळांत ५० लाखांहून अधिक झाडें मेलीं. चौकशींत दोन कारणें निघालीं. एक, तेथेंही विरळणी लांबली होती. दुसरें, प्रयोगशाळेंत वर्षानुवर्षें नुसत्या बुरशीवर वाढविलेला कृमी अळींत शिरण्याचा गुणच विसरून गेला होता. तेव्हां टास्मानियांतील कामोना येथील रानांतून १९९१ सालीं मूळचा जोमदार कृमी पुन्हां मिळवावा लागला. बियाणें घरचेंच वापरीत गेल्यास त्याचा कस वेळोवेळीं पाहावा लागतो, हें ज्या शेतकऱ्यास ठाऊक आहे त्यास या गोष्टीचें मर्म समजावून सांगावयास नको.

दोघी एकाच रानांत

उत्तर अमेरिकेंत नॉक्टिलिओ सांपडली तेव्हां मोठी धास्ती पडली; कारण तेथें पाइनचीं विस्तीर्ण रानें आहेत. परंतु दक्षिण गोलार्धांतल्यासारखा संहार तेथें झालेला नाहीं. तिनें मुख्यतः दाटीनें खुरटलेलीं झाडेंच मारलीं. याचें कारण नायग्रिकॉर्निसच्या घराची व्यवस्था. तेथें पाइनच्या अनेक जाती इतर झाडांत मिसळून वाढतात. आयबेलिया, रायसा वगैरे शत्रू पूर्वींपासून नायग्रिकॉर्निसवर जगत होते. नवी पाहुणी आली तेव्हां ते तिच्याकडेही वळले. शिवाय नायग्रिकॉर्निस, खोडकिडे व त्यांच्या बुरश्या त्याच लांकडासाठीं झगडतात. म्हणजे ज्या साध्या माशीकडे कोणी लक्षही देत नव्हतें, तिनेंच रानाच्या रक्षकांचें आजवर पोषण केलें होतें.

येथेंच जात अचूक ओळखण्याचें महत्त्व दिसून येतें. ऑस्ट्रेलियांतला सूत्रकृमी अमेरिकेच्या रानांत सोडावा कीं नाहीं, हा प्रश्न निघाला. ऑस्ट्रेलियांत लांकूडमाशीची देशी जात नव्हती, म्हणून तेथें चिंता नव्हती. अमेरिकेंत नायग्रिकॉर्निस आहे व तिचा स्वतःचा एक देशी सूत्रकृमी, डेलाडीनस प्रॉक्सिमस, आहे. परका कृमी अरिओलॅटम बुरशीवर जगतो, आणि कांहीं नायग्रिकॉर्निसांजवळही तीच बुरशी सांपडलेली. तेव्हां शत्रूवर सोडलेला कृमी घरच्या माशीवरही पडण्याचा संभव राहतो. या कारणानें तेथील शास्त्रज्ञांनीं मर्यादित प्रयोग करून पाहण्याचें धोरण ठेविलें. एका देशीं गुणकारी ठरलेला उपाय दुसऱ्या देशीं डोळे मिटून करूं नये, हें यावरून शिकावें.

आपल्याकडील दाखला

दोन जवळच्या जाती ओळखण्यांत चूक झाली म्हणजे काय होतें, याचें उदाहरण आपल्या देशांतही आहे. १७९५ सालीं किरमिजी रंगाच्या धंद्यासाठीं निवडुंगावर वाढणारा एक किडा ब्राझीलहून कलकत्त्यास आणला. तो उत्तम रंग देणारा खरा किरमिजी किडा, अशी समजूत होती. पण तो त्याचा हलक्या प्रतीचा भाऊ, डॅक्टिलोपियस सिलोनिकस, निघाला. रंगाचा धंदा साधला नाहीं. मात्र त्या किड्यानें निवडुंगाची एक जात साफ केली. दुसऱ्या जातीच्या निवडुंगास तो शिवेना, आणि दक्षिण भारतांत गांवकुसापासून गायरानापर्यंत ती जात माजली. शेवटीं १९२६ सालीं श्रीलंकेंतून डॅक्टिलोपियस ओपन्शिए हा तिसरा भाऊ आणला, तेव्हां थोड्याच वर्षांत तो निवडुंग हटला. तीनही किडे दिसावयास पांढऱ्या कापसाच्या पुंजक्यासारखे. काम मात्र तिघांचें निराळें.

ताजें उदाहरण मक्याचें. २०१८ सालीं अमेरिकन लष्करी अळी प्रथम कर्नाटकांत आढळली व त्याच वर्षीं महाराष्ट्रांत शिरली. आपल्याकडे आधींपासून असलेल्या तंबाखूवरील अळीची ती जवळची नातलग. डोक्यावर उलट्या इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी फिकट खूण व शेवटाजवळ चौकोनांत मांडलेले चार ठळक ठिपके, यांवरून ती ओळखावी.

बोध

(१) कीड म्हणजे नुसता किडा नव्हे. किडा, त्याची सोबतीण बुरशी, झाडाची जात, झाडाची प्रकृति व किड्याचे शत्रू यांचा मेळ जसा बसेल तसें नुकसान कमीअधिक होतें. नॉक्टिलिओ युरोपांत गरीब व न्यूझीलंडांत काळ झाली, ती या मेळामुळें.

(२) एकाच जातीचीं झाडें दाट लावून विरळणी टाळूं नये. दाटीत जीं झाडें खुरटतात, त्यांतच कीड आधीं शिरते. तेथें तिची संख्या वाढली म्हणजे मग ती सशक्त झाडांवर जाते. साग, निलगिरी किंवा दुसरें कोणतेंही झाड लावलें असेल, तरी रोगट व दबलेलीं झाडें वेळेवर काढावीं. विरळणी मुख्य किडीच्या उडण्याच्या हंगामांत करूं नये व राहिलेल्या झाडांच्या सालीस जखमा होऊं देऊं नयेत.

(३) लांकडी खोक्यावर किंवा तळफळीवर गव्हाच्या ओंबीचें चिन्ह व ‘एचटी’ हीं अक्षरें असलेला शिक्का असेल, तर तें लांकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस उष्णतेंत निदान ३० मिनिटें ठेविलेलें असतें, असें समजावें. हा आंतरराष्ट्रीय नियम २००२ सालीं ठरला. आपल्या देशांत १९१४ चा कीड-प्रतिबंधक कायदा व त्याखालील २००३ चा वनस्पति-विलग्नवास आदेश यांनीं बाहेरून येणाऱ्या लांकडावर बंधन घातलें आहे. माल परदेशीं पाठविणारांनीं शिक्क्याशिवाय फळ्या घेऊं नयेत. तो खर्च वायां जात नाहीं.

(४) आणलेल्या पाइनच्या फळींत पेन्सिलीएवढें वाटोळें, स्वच्छ छिद्र दिसलें तर घाबरून घरभर औषध मारूं नये. छिद्र दिसतें याचा अर्थ माशी निघून गेली. ती वाळलेल्या लांकडांत पुन्हां अंडीं घालीत नाहीं. बारीक छिद्रें व पिठासारखी भुकटी दिसली, तर तें काम भुंगेऱ्यांचें. त्यांचा उपाय निराळा आहे. मात्र परदेशी लांकडांतून जिवंत माशी निघालेली पाहिली, तर ती स्पिरिटाच्या बाटलींत घालून, लांकूड कोठून व केव्हां आलें याच्या टिपणासह, कृषि अधिकाऱ्याकडे द्यावी. न्यूयॉर्कच्या सांपळ्यांत सांपडलेली मादी एकच होती. पण कोणी ती ओळखली, म्हणून एक सबंध खंड सावध झालें.

(५) अनोळखी किडा दिसतांच तो मारण्याची घाई करूं नये. प्रथम त्याची जात विचारावी. रानांतील नायग्रिकॉर्निसप्रमाणें तो निरुपद्रवी, किंबहुना उपकारी असूं शकतो. ओळख पटल्यावर जें करणें तें मात्र विलंब न लावतां करावें; कारण न्यूझीलंडांत ती माशी चाळीस वर्षें गप्प होती, आणि त्या चाळीस वर्षांत विरळणी कोणी केली नाहीं.